त्रेचाळीस पायऱ्या

आई मिरजेत सगळ्यांना सांगते,
"आमची शरयू तिकडे सर्जरीत असते."
मिरजेत या वाक्याला वजन आहे,
तिथे दर दुसऱ्या बोळात ऑपरेशन थिएटर.
मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.

आमची सर्जरी शनिवारी,
लँकशरमधल्या थॉर्नबेकच्या मेथडिस्ट हॉलमध्ये,
टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं लावून.
एका खुर्चीत खासदार ऑर्मरॉड, एकीत मी,
तिसरी, ज्याचं दुखतंय त्याची.
भूल नाही, टाके नाहीत.
ओल आलेली भिंत, अडकलेला व्हिसा,
नऊ इंच पुढे सरकलेलं शेजाऱ्याचं कुंपण;
ते ऐकतात, मी लिहून घेते.

हिल्डा बर्टनशॉ कागदाशिवाय आली.
वय एक्क्याऐंशी. स्टेशनची लिफ्ट चौदा महिने बंद.
बहीण प्रेस्टनला.
जाणारी गाडी अलीकडच्या फलाटावर लागते,
येणारी पलीकडच्या, मध्ये पूल.
"जायला जमतं," ती म्हणाली, "परत यायचं राहतं.
त्रेचाळीस पायऱ्या आहेत."
मी लिहिलं बेचाळीस.
का, ते आजही सांगता येणार नाही.

ऑर्मरॉड मागच्या बाकावरचे.
सभापतींची नजर पडावी म्हणून उठतात,
बसतात, पुन्हा उठतात.
एका दुपारी टीव्हीवर मी मोजलं, अकरा वेळा.
गुडघा त्यांचाही काही चांगला नाही.

शेवटी चिठ्ठीत नाव निघालं.
सोमवार, रात्री दहा वाजून बारा मिनिटं,
दिवसाचं कामकाज तहकूब होण्याआधीचा अर्धा तास.
पंगत उठल्यावरच्या मांडवासारखं सभागृह.
उरल्या एक राज्यमंत्रीणबाई, एक उपसभापती,
आणि टेबलावर ती सोनेरी गदा,
जी पाहून मला दरवेळी मारुती आठवतो.
ऑर्मरॉड आवाज न चढवता म्हणाले,
थॉर्नबेकच्या पुलाला बेचाळीस पायऱ्या आहेत.
रिकाम्या हिरव्या बाकांनी ऐकून घेतलं.
गॅलरीत मी एकटी; हिल्डा कशी येणार?
बाई म्हणाल्या, टप्प्याटप्प्याने. म्हणाल्या, यथावकाश.
म्हणाल्या, सन्माननीय सदस्यांना लेखी कळवीन.
सरकारी काम, सहा महिने थांब,
ही आमची म्हण मी बाहेर पडताना त्यांना उलगडून सांगितली.
"सहाच?" ऑर्मरॉड म्हणाले.

छापील इतिवृत्त हिल्डाला पोस्टाने पाठवलं.
पुढच्या शनिवारी ती ते घेऊन हजर.
बेचाळीसवर पेन्सिलीची काट.
"माझं नाव घेऊन संसदेत चुकीचं बोलू नये."
मी मान खाली घातली.
ऑर्मरॉडनी कोट घेतला.

ती खाली, कठड्याला धरून.
ते वर चढत, मोठ्याने मोजत,
मी मागून, मनात मोजत.
एकोणतिसाव्याला ते थांबले, गुडघा चोळला.
वर पोचलो तेव्हा बेचाळीस.
मला, खरं सांगते, बरं वाटलं.

"ती वरची," खालून आवाज आला,
"उंबऱ्याएवढी, ती धरलीत?"
त्यांनी पाहिलं. लोखंडी पट्टी, जेमतेम चार बोटं उंच.
पाय उचलला, ठेवला.
"त्रेचाळीस."
चार बोटं म्हणजे पायरी का, हे ठरवायला
तिचं वय लागतं बहुधा.

पलीकडे बारा-चाळीस लागली.
एक बाप बाबागाडी घेऊन उतरला,
पुलाकडे बघत उभा राहिला,
आणि ऑर्मरॉड दुसरं टोक धरायला उतरून गेले.

सोमवारी मी दुरुस्तीचं पत्र धाडलं:
बेचाळीसच्या जागी त्रेचाळीस वाचावे.
मंत्रीणबाईंचं अजून यायचंय.

रविवारी आईचा फोन.
"काय गं, या आठवड्यात काय काढलंत?"
म्हटलं, एक पायरी आत राहून गेली होती
माझ्या हातून. ती काढली.
आई जरा गप्प. मग काळजीने,
"आणि पेशंट?"

अजून खालीच उभी आहे, आई.